सांगलीत छातीची प्रॅक्टिस टाकताय? मग हे आधी करा

एमडी रेस्पिरेटरी झालं की पहिलं डोक्यात येतं मशीन कुठलं घ्यायचं, श्वासनळीत बघायची दुर्बीण घ्यायची का. माझं ऐका, आधी पंप (इनहेलर) शिकवणारा एक माणूस तयार करा. ओपीडी भरलेली असते, तुम्ही लिहून देता आणि पेशंट घरी जाऊन काय करतो ते कोणी बघत नाही. माझ्याकडं कवठेमहांकाळकडच्या एक आज्जी यायच्या, तीन महिने दम कमी होईना, मी डोस वाढवत गेलो. शेवटी म्हटलं, आज्जी पंप मारून दाखवा, तर तोंड उघडं ठेवून लांबून दाबला, औषध सगळं हवेत. त्या दिवशी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) दिला, दहा आकडे श्वास धरायला शिकवलं, नंतर चूळ भरायला सांगितलं. आता हे काम सिस्टर करते, आणि दर व्हिजिटला परत करून बघते, कारण पेशंट विसरतात.

बिडी ओढता का एवढंच विचारू नका, त्यात बायका सगळ्या सुटतात. चूल किती वर्षं, गुऱ्हाळावर काम होतं का, हळदीच्या पेठेत हमाली केली का, आणि विटा-आटपाडीकडचा माणूस असला तर गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात परमुलखात होता का, कारण तिथं ॲसिडचा धूर छातीत जातो.

रात्रीचं आधीच ठरवा. बायपॅपवरचा (मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवरचा) पेशंट रात्री दोनला बिघडतो आणि फोन तुम्हालाच येतो, मी सुरुवातीला सगळे कॉल एकट्यानं घेतले, वर्षभरात सकाळच्या ओपीडीत पेशंटवर चिडायला लागलो. मग गावातल्या दुसऱ्या छातीच्या डॉक्टरशी बोलून रात्री वाटून घेतल्या. तो स्पर्धक आहे म्हणून लाजू नका.

टीबीची नोंद 2012 पासून प्रायव्हेटलाही सक्तीची आहे, सरकारच्या निक्षय पोर्टलवर भरायला एकजण नेमा, नाहीतर पेशंटला सरकारकडून आहारासाठी मिळणारे महिन्याचे 1000 रुपये अडकतात.

आणि स्वतःला जपा. 1912 ला पाचगणीत बेल एअर सॅनेटोरियम निघालं तेव्हा टीबीवर औषध नव्हतं, मोकळ्या हवेवरच भिस्त होती, पण आज औषध आहे म्हणून आपण एसी लावून खिडक्या बंद करतो. असं करू नका. पंखा तुमच्या पाठीमागं, पेशंट खिडकीकडं, बेडका द्यायला बाहेर उघड्यावरच पाठवा. एन-95 रिसेप्शनवरच्या मुलीलाही द्या, पहिला खोकला तिच्याच तोंडावर येतो.