घरच्या शिवणयंत्रावर गोधडी शिवताना टीप बिघडली, तर काय करावे

गोधडी हाताने धावदोरा घालून शिवायची म्हटले की सवड काढून महिना-दोन महिने बसावे लागते, म्हणून आता पुष्कळ घरांत ती शिवणयंत्रावर शिवली जाते. घरचे काळे, पायाने चालणारे किंवा मागाहून मोटर बसवलेले यंत्र मात्र मुख्यतः झबली, परकर, उशांचे अभ्रे अशा दोन-तीन पदरी कापडासाठी असते. त्याच्याखाली जुन्या लुगड्यांचे चार-सहा पदर सरकवले की टीप मध्येच सुटते, खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो किंवा सुई मोडते, आणि यंत्र बिघडले असे समजून ते कारागिराकडे नेले जाते. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा यंत्रात काहीच बिघडलेले नसते. दोष सुईत, दोऱ्याच्या वाटेत किंवा खुद्द गोधडीत असतो. म्हणून जे सहज पूर्ववत करता येते ते आधी तपासावे, स्क्रू सर्वांत शेवटी फिरवावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदम तीन गोष्टी बदलल्या, तर टीप कशाने सुधारली किंवा कशाने बिघडली, हे कधीच कळत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक चाचणीचा तुकडा तयार करावा. गोधडीत जितके आणि ज्या कापडाचे पदर आहेत, तितकेच आणि तेच पदर घेऊन वीतभर लांब-रुंद चौकोन टाचावा. वरून लाल आणि बॉबिनमध्ये (खालच्या दोऱ्याच्या लहान रिळात) पांढरा असे एकाच जाडीचे दोन दोरे घ्यावेत. कोणता दोरा कोणत्या बाजूला डोकावतो हे रंगांमुळे लगेच दिसते. पुढची प्रत्येक पायरी झाल्यावर या तुकड्यावर एक ओळ शिवून पाहावी आणि मगच पुढे जावे.

पहिली पायरी: गोधडी तपासणे

जुन्या साड्यांचे फॉल, जरीचे काठ, दुमडलेल्या शिवणी आणि राहून गेलेले हुक आधी उसवून काढावेत, कारण सुई सर्वांत जास्त मोडते ती इथेच. खळ घातलेले कापड धुऊन वाळवून घ्यावे. सुती लुगड्यांच्या मध्ये एखादी गुळगुळीत सिंथेटिक साडी घातली, तर वरचा पदर पुढे आणि मधला मागे असे सरकणे सुरू होते आणि शेवटी कडेला चुण्या पडतात. ती घालायचीच असेल, तर कच्चा दोरा अधिक जवळ घालावा. एरवी वीतभर अंतरावर, मध्यापासून कडांकडे जाणारे कच्चे टाके पुरतात. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. न टाचलेल्या गोधडीवर यंत्र कितीही जुळवले तरी टीप सरळ येत नाही.

दुसरी पायरी: सुई

सुई चांगली दिसते म्हणून ती चांगली असते असे नाही. टोक नखावर हलके ओढून पाहावे. ओरखडा उठला तर ती बोथट झाली आहे. सुती पदरांच्या गोधडीसाठी १६ क्रमांकाची, म्हणजे १ मिलिमीटर जाडीची सुई मला सर्वांत भरवशाची वाटते. पदर फार जाड असतील तर १८ क्रमांकाची घ्यावी. ब्लाउजसाठी लावलेली ११ क्रमांकाची सुई जाड थरात वाकते, तिचे टोक जागेवरून सरते आणि टीप सुटते. सलग सात-आठ तास शिवल्यावर सुई बदलावी.

सुई बसवताना ती तिला धरणाऱ्या दांडीच्या भोकात अगदी वरपर्यंत टेकली आहे याची खात्री करूनच स्क्रू आवळावा. सुईला एका बाजूने लांब खोबण असते आणि दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर लहानसा खड्डा असतो. खड्ड्याची बाजू शटलच्या, म्हणजे खालचा दोरा गुंतवणाऱ्या फिरत्या भागाच्या, टोकाकडे असावी लागते आणि दोरा लांब खोबणीच्या बाजूने ओवावा लागतो. सुई उलटी बसली, तर इतर सर्व जुळवाजुळव व्यर्थ जाते.

तिसरी पायरी: दोरा आणि त्याची वाट

जुन्या डब्यातील रीळ घेण्यापूर्वी दोरा हातात धरून झटका द्यावा. सहज तुटला तर तो कुजलेला आहे. हाताने गोधडी शिवण्याचा जाड किंवा मेण लावलेला दोरा यंत्रात घालू नये. दोरा ओवताना कापड दाबणारा फूट वर उचललेलाच असावा, कारण फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न जाता बाहेरूनच जातो. गोधडीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे पुंजके दिसले की बहुतेक जण बॉबिनला दोष देतात. प्रत्यक्षात खालच्या गुंत्याचे कारण बहुधा वरच असते. एकदा मी अर्धा दिवस बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन ज्यात बसते त्या डबीचा, स्क्रू इकडे-तिकडे करत होते, आणि शेवटी टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये अडकलेला बोटभर जुना धागा निघाला. तेव्हापासून मी फूट उचलून, चकत्यांमधून दुमडलेली कापडाची पट्टी फिरवल्याशिवाय दुसरे काही करत नाही.

चौथी पायरी: ताण

वरचा आणि खालचा दोरा पदरांच्या मधोमध एकमेकांत अडकतात, तेव्हा टीप योग्य बसते. इलियास हाऊ यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रापासून हेच तत्त्व चालत आले आहे: टोकाशी नेढे असलेली सुई वरचा दोरा खाली नेते आणि शटल त्यात खालचा दोरा गुंतवते. चाचणीच्या तुकड्याच्या खालच्या बाजूला लाल ठिपके दिसत असतील, तर वरचा ताण कमी आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके असतील, तर तो जास्त आहे. वरची चकती अर्धा आकडा, किंवा आकडे नसतील तर पाव वळसा फिरवून पुन्हा शिवावे.

वरचा ताण अगदी टोकाला नेऊनही फरक पडत नसेल, तरच बॉबिन केसकडे वळावे. बॉबिन केसमधून बाहेर आलेला दोरा धरून केस हवेत लटकवावी आणि हाताला हलका झटका द्यावा. ती आपोआप घसरत खाली गेली तर ताण कमी आहे, झटका देऊनही हलली नाही तर जास्त आहे. प्रत्येक झटक्याला इंच-दोन इंच उतरली तर ती योग्य आहे. स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याच्या खाचेची दिशा कागदावर काढून ठेवावी आणि एका वेळी एक-अष्टमांश वळश्यापेक्षा जास्त फिरवू नये. हा स्क्रू फारच लहान असतो, म्हणून खाली पांढरे कापड अंथरून काम करावे.

पाचवी पायरी: सुटणारी टीप

गोधडीतील सर्वांत त्रासदायक दोष हाच, आणि त्याचे कारण समजले की उपाय आपोआप सुचतो. सुई तळाशी जाऊन वर येऊ लागते तेव्हा नेढ्याजवळ दोऱ्याचा लहानसा फास फुगतो आणि शटलचे टोक तो पकडते. जाड पदर सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचलले गेले, तर हा फास फुगतच नाही आणि टीप सुटते. ताण कितीही बदलला तरी हा दोष जात नाही. यंत्राच्या माथ्यावरचा फुटाच्या दाबाचा स्क्रू थोडा आवळावा, एक क्रमांक जाड सुई लावावी, टाका ३ ते ३.५ मिलिमीटरपर्यंत लांब करावा आणि वेग कमी ठेवावा. दाब मात्र इतका वाढवू नये, की वरचा पदर फुटापुढे ढकलला जाऊन लाट उठेल. या दोहोंमधला बिंदू प्रत्येक गोधडीला वेगळा असतो आणि तो चाचणीच्या तुकड्यावरच सापडतो. गोधडीचा लोंबणारा भार टेबलाखाली सोडू नये. तो सुईला ओढतो आणि वाकवतो. डाव्या हाताला दुसरे टेबल लावून गोधडी यंत्राच्याच पातळीवर पसरावी.

परदेशात गोधड्या शिवणारे काही जण लाँगआर्म यंत्र वापरतात. त्यात कापड चौकटीवर ताणलेले असते आणि यंत्रच त्यावरून फिरते. तिथेही हा दोष असाच दिसतो: यंत्र झटक्याने फिरवले की सुई वाकते, आणि कापड ढोलकीसारखे ताणले की तिला पदरांत मोकळीक उरत नाही. चौकटीवरचे कापड खालून बोट लावल्यास किंचित उचलले जाईल इतके सैल ठेवावे.

सफाई आणि तेल

जुन्या सुती कापडाचा भुसा फार सुटतो. मोटर असेल तर आधी तिची वायर काढावी. सुई सर्वांत वर आणून बॉबिन केस काढावी, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून कडी (शटल जिच्या आत फिरते ती) आणि शटल बाहेर घ्यावे, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला आणि कडीच्या आतला भुसा ब्रशने काढावा. तिथे दोऱ्याचा बारीक तुकडा राहिला तरी यंत्र जड चालते. नंतर कडीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. खोबरेल किंवा गोडे तेल कधीही घालू नये. ते कालांतराने घट्ट होऊन चिकटते. तसे आधीच झाले असेल, तर विस्तवापासून दूर, सांध्यांवर थोडे रॉकेल सोडून चाक काही वेळ फिरवावे, पुसून घ्यावे आणि मग योग्य तेल द्यावे. पायाच्या यंत्राचा चामडी पट्टा जाड पदरावर घसरत असेल, तर तो पाव इंच कापून पुन्हा जोडावा.

सर्वांत शेवटी: सुईची दांडी

वरचे सर्व करूनही नव्या सुईने साध्या दोन पदरी कापडावर टीप सुटत असेल, तरच सुई आणि शटलचा मेळ पाहावा. सुईखालची प्लेट काढून चाक हाताने, नेहमीच्या दिशेने, सावकाश फिरवावे. सुई तळापासून सुमारे २ मिलिमीटर वर आली की शटलचे टोक नेढ्याच्या किंचित वर, त्या लहान खड्ड्यासमोर आले पाहिजे. ते नेढ्याच्या खालून जात असेल, तर दांडी सरकली आहे. दांडीच्या सध्याच्या जागी पेन्सिलीने खूण करून, डावीकडच्या झाकणामागचा स्क्रू जरासा सैल करावा, दांडी अर्धा मिलिमीटर वर-खाली करून पुन्हा आवळावी आणि तपासावे. शटलचे टोक बोथट झालेले किंवा सुईपासून कागदाच्या जाडीपेक्षा जास्त दूर दिसले, तर ते घरचे काम नव्हे. यंत्र कारागिराकडे द्यावे आणि चाचणीचा तुकडाही सोबत द्यावा.

टीप जुळली की सुईचा क्रमांक, टाक्याची लांबी, टेन्शनचा आकडा आणि दाबाच्या स्क्रूचे वळसे एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या खणात ठेवावी, आणि गोधडीची पहिली ओळ कडेपासून न घालता मधोमध घालावी.