बेसबॉल सामन्याचा अंदाज कसा बांधावा

शालेय स्पर्धांमधून सॉफ्टबॉल खेळलेली मुले-मुली मराठवाड्यात पुष्कळ आहेत, आणि पिचर, बेस, इनिंग हे शब्द ज्यांच्या सवयीचे आहेत त्यांना अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल समजायला फार वेळ लागत नाही. अशा प्रेक्षकाला सामन्याचा अंदाज बांधायचा असेल, तर त्याने ‘कोण जिंकेल’ असे न विचारता ‘जिंकण्याची शक्यता किती टक्के’ असे विचारावे. २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सने ११६ सामने जिंकले, तरी ४६ गमावले. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने गमावले, तरी ४१ जिंकले. म्हणून एका सामन्याविषयी सत्तर टक्क्यांच्या पुढे जाणारा अंदाज सहसा टिकत नाही.

सुरुवात दोन्ही संघांच्या धावांपासून करावी. जय-पराजयाच्या तक्त्यापेक्षा केलेल्या आणि दिलेल्या धावा संघाचे बळ अधिक नेमके सांगतात, कारण एका धावेने जिंकलेल्या सामन्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचे सूत्र सोपे आहे: केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. समजा, पहिल्या संघाने ७५० धावा करून ६५० दिल्या. त्याचे प्रमाण सुमारे ५७ टक्के येते. दुसऱ्याने ६८० करून ७२० दिल्या; त्याचे ४७ टक्के. दोन्ही प्रमाणे पन्नासच्या आसपास असतील, तर त्यांतील फरक पन्नासात मिळवणे पुरेसे असते, म्हणजे येथे पहिल्या संघाची शक्यता ६० टक्के झाली. मात्र हंगाम एप्रिलमध्ये नुकताच सुरू झालेला असताना या आकड्यांवर विसंबू नये. मृगाची एखादी सर आली म्हणून जाणता शेतकरी चाड्यावर मूठ धरत नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ देतो. तसेच दहा-बारा सामन्यांवरून संघ जोखू नये आणि तोवर गतवर्षीची कामगिरीही हिशेबात धरावी.

यजमान संघ साधारणतः ५३ ते ५४ टक्के सामने जिंकतो, म्हणून त्याच्या बाजूने चार टक्के धरावेत. वरच्या उदाहरणात पहिला संघ पाहुणा असेल, तर साठाचे छप्पन्न होतात.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि माझ्या मते अंदाजाची खरी कसोटी येथेच लागते: आज सुरुवातीचा पिचर कोण? क्रिकेटमध्ये एक गोलंदाज बदलल्याने संघ सहसा तितका बदलत नाही, जितका बेसबॉलमध्ये पिचर बदलल्याने बदलतो, आणि त्याचे नाव बहुधा आदल्या दिवशीच कळते. त्याच्या जय-पराजयाची नोंद बाजूला ठेवावी, कारण ती सहकाऱ्यांच्या फलंदाजीवर अवलंबून असते. नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी पाहावी, पण त्याहून अधिक लक्ष स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा पहिला बेस) आणि होमरन (बहुधा थेट सीमेपार जाणारा फटका) यांच्याकडे द्यावे. या तिन्हींत क्षेत्ररक्षकांचा हात जवळजवळ नसतो, त्यामुळे पिचरचा स्वतःचा कस त्यांतून दिसतो. तुलना करताना प्रत्येक पिचरला त्याच्याच संघाच्या सरासरीशी ताडावे, अन्यथा संघाच्या आकड्यात आधीच धरलेली गोष्ट दोनदा मोजली जाते. समजा, पाहुण्यांचा पिचर नऊ इनिंगमागे आपल्या संघाच्या सरासरीहून अर्धी धाव जास्त देतो आणि यजमानांचा अर्धी कमी देतो. फरक एका धावेचा; परंतु हे पिचर साधारण पाच-सहा इनिंगच टाकतात, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ०.६ धावेचा. हंगामात दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय, या हिशेबाने सहा टक्के कमी झाले, आणि साठावरून निघालेला बलवान संघ बरोबर पन्नासावर आला.

उरलेल्या इनिंग राखीव पिचर सांभाळतात. आदल्या दोन-तीन दिवसांत त्यांतील भरवशाच्यांनी किती चेंडू टाकले ते पाहावे. सलग दोन दिवस खेळलेला पिचर तिसऱ्या दिवशी बहुतेकदा बसवला जातो. मैदानाचा परिणाम जिंकण्याच्या शक्यतेवर कमी आणि धावसंख्येवर जास्त होतो: डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे, तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो, आणि म्हणून तेथील यजमान संघाचे धावांचे आकडे फुगलेले असतात.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला असतो. अंदाज रात्रीच लिहून ठेवावा आणि पहाटे फक्त खेळाडूंची यादी तपासावी. प्रमुख फलंदाजाला विश्रांती दिली असेल, तर एखाद-दोन टक्क्यांचाच बदल करावा.

प्रत्येक अंदाजाची नोंद वहीत ठेवावी. विजय म्हणजे १ आणि पराजय म्हणजे ० धरावा. ६० टक्के दिलेला संघ जिंकला, तर चूक ०.४, तिचा वर्ग ०.१६; हरला, तर चूक ०.६, तिचा वर्ग ०.३६. नेहमी पन्नास टक्के म्हणणाऱ्याचा हा अंक कायम ०.२५ राहतो. शे-दोनशे सामन्यांनंतर आपली सरासरी त्याच्या किंचित खाली असेल, तर पद्धत योग्य मार्गावर आहे असे समजावे. ती वर असेल, तर आधी ६५ टक्क्यांहून मोठे अंदाज वेगळे काढून तपासावेत. अनेकदा दोष तेथेच सापडतो.