तीन कॅमेऱ्यांतली मंगलाष्टकं जुळवताना

घरच्या मंडळींनी लग्न टिपलं की साधारण तीन फाइली हाती येतात: स्टँडवरचा कॅमेरा, भावाचा फोन, मामाचा फोन. तिन्हींत तीच मंगलाष्टकं. नवीन माणूस पहिलं कडवं जुळवतो आणि सिंक (तिन्ही फाइली वेळेत एकमेकींशी जुळणं) झालं असं समजतो. ते झालंय की नाही हे चाळिसाव्या मिनिटाला कळतं.

काम सुरू होतं चित्रीकरणाच्या वेळीच. भटजींनी सुरू करण्याआधी सगळे कॅमेरे चालू करा, मधोमध उभं राहून कोणीतरी एक खणखणीत टाळी वाजवा. शेवटी, कॅमेरे बंद करण्याआधी, दुसरी. ही दुसरी टाळी फार मोलाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते.

नातेवाइकांच्या क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून घेऊ नका. तिथे त्या दाबून लहान केल्या जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा (२ जीबीपर्यंत जाते), त्याहून मोठी फाइल केबलने घ्या.

आता फोनची खोड. बरेच फोन फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा, म्हणजेच फ्रेमरेट) एकसारखा ठेवत नाहीत. सेटिंगमध्ये ३० असलं तरी उजेड कमी झाला की वेग घसरतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र फ्रेम समान अंतराने आहेत असं धरून चालतं, आणि ओठ व आवाज हळूहळू फारकत घेतात. म्हणून प्रत्येक फोन-क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून काढा: व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट स्वतः निवडा, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा, आरएफ (दर्जाचा आकडा) १८च्या आसपास ठेवा. ही पायरी गाळून पुढे कितीही जुळवलं तरी ते टिकत नाही.

कॅमेऱ्याच्या कार्डावर लांब चित्रीकरणाचे ४ जीबीचे तुकडे पडलेले असू शकतात. काही कॅमेरे दोन तुकड्यांमध्ये थोड्या फ्रेम गाळतात, तेव्हा प्रत्येक तुकडा वेगळा जुळवलेला बरा.

डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या कामाला पुरते. टाइमलाइनचा (क्लिपा मांडायच्या पट्टीचा) फ्रेमरेट सर्वांत आधी ठरवा, फुटेज आत घेतल्यावर प्रोजेक्टचा तो आकडा बदलता येत नाही. मग मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या क्लिपा दिसतात तिथे) तिन्ही क्लिपा निवडून उजवी क्लिक, ‘क्रिएट न्यू मल्टिकॅम क्लिप युझिंग सिलेक्टेड क्लिप्स’, आणि ‘अँगल सिंक’मध्ये ‘साउंड’. तिन्ही क्लिपा आवाजावरून जुळून एकच मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांची) क्लिप बनते.

स्पीकरवरच्या मंगलाष्टकांचा आवाज तिन्हींत ठळक असतो, त्यामुळे बहुधा जुळतं. पण ‘शुभ मंगल सावधान’ प्रत्येक कडव्यानंतर त्याच चालीत येतं. क्लिप छोटी असेल तर तिसऱ्या कडव्याचं सावधान चौथ्याशी जाऊन बसू शकतं. कान इथे फसतो. डोळ्यांनी खात्री करा. अंतरपाट दूर होतो तो क्षण तिन्ही चित्रांत एकाच जागी यायला हवा.

एखाद-दोन फ्रेमचा फरक राहिला तर कारण बहुतेक वेळा अंतर असतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेममध्ये साडेतेरा मीटर. स्पीकरपासून २७ मीटरवरच्या कॅमेऱ्याला आवाज दोन फ्रेम उशिरा मिळतो; आवाजावर जुळवलं की त्याचं चित्र दोन फ्रेम पुढे पळतं. मल्टिकॅम क्लिप टाइमलाइनमध्ये उघडून त्या कॅमेऱ्याची क्लिप तेवढी उजवीकडे सरकवा. तिचा आवाज तसाही वापरायचा नसतो.

मग थेट शेवटच्या टाळीवर जा. सुरुवात चपखल आणि शेवट तीन-चार फ्रेम हुकलेला असेल, तर तो उपकरणांच्या घड्याळांतला फरक. एका सेकंदात लाखात दोन भागांची चूक तासाभरात ७२ मिलिसेकंद होते, जवळपास दोन फ्रेम. वेगाचे आकडे बदलत बसण्यापेक्षा मल्टिकॅम क्लिप टाइमलाइनमध्ये उघडा आणि घसरलेली क्लिप दहा-पंधरा मिनिटांवर कापून पुढचा भाग फ्रेमभर सरकवा. तो सांधा दुसरा कॅमेरा पडद्यावर असेल अशा ठिकाणी घ्या, कोणाच्या लक्षात येत नाही.

कॅमेरे बदलायला बसण्याआधी मल्टिकॅमच्या खिडकीखाली फक्त व्हिडिओचं बटण निवडा, म्हणजे आवाज एकाच, सर्वांत स्वच्छ ट्रॅकवरून सलग चालू राहतो. चित्रावर क्लिक केलं की तिथे काप पडून तो कॅमेरा लागतो. चुकीचा लागला असेल तर ऑल्ट दाबून दुसऱ्यावर क्लिक करा, नवा काप पडत नाही.