घरच्या आर्केड कॅबिनेटमध्ये कन्सोल बसवावा की संगणक : खान्देशातील घरांसाठी मार्गदर्शन

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमधल्यासारखी पडदा, जॉयस्टिक आणि बटणे असलेली खेळाची उभी पेटी, बांधायचे ठरल्यावर सुताराला मापे देण्याआधी एक निर्णय झालेला असावा लागतो, तो म्हणजे आत संगणक बसवायचा की प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा स्विच यांपैकी एखादा कन्सोल. बटणांची संख्या, पडद्याची दिशा, मागच्या दाराची रुंदी आणि हवा खेळण्याची सोय हे सारे त्यावर अवलंबून असते. माझे मत आधीच नोंदवतो. जुने खेळ हा मुख्य हेतू असेल, तर जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे हवामान आणि विजेची स्थिती पाहता वापरलेला साधा ऑफिस संगणक कन्सोलपेक्षा सरस ठरतो. नवे फायटिंग गेम खेळायचे असतील आणि कन्सोल घरात आधीपासून असेल, तरच त्याचा विचार करावा.

आधी खेळांची यादी करावी. नव्वदच्या दशकातील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्या खेळाला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ अनेकांच्या यादीत सर्वांत वर असतो. हा खेळ एका चित्रकथेच्या परवान्यावर आधारलेला होता. कॅपकॉमने २०१८ मध्ये आपले मारधाडीचे सात जुने खेळ एकत्र करून कन्सोल आणि संगणकासाठी विकायला काढले, त्या संचात तो नाही. ‘आर्केड आर्काइव्ह्ज’सारख्या मालिकांमधून कन्सोलवर पुष्कळ जुने खेळ रीतसर विकत मिळतात, पण यादीतला प्रत्येक खेळ मिळेलच असे नाही. संगणकावर १९९७ पासून विकसित होत आलेला ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या खेळयंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम, चालतो आणि तो हजारो यंत्रांची नक्कल करू शकतो. मात्र एम्युलेटर मोफत असला तरी खेळांच्या फायलींवर मूळ कंपन्यांचा हक्क असतो, आणि बाजारात ‘दहा हजार गेम भरलेले’ म्हणून विकले जाणारे मेमरी कार्ड त्या हक्कात बसत नाही. मालकांच्या परवानगीने मोफत दिलेले थोडे खेळ मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर आहेत. कॅपकॉमचे काही जुने संच स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतात. ‘मुस्तफा’चाच हट्ट असेल, तर मूळ सर्किट बोर्ड शोधून तो जामा या आर्केड यंत्रांच्या ठरावीक ५६ पिनांच्या जोडणीने चालवणे हा खरा मार्ग होय, परंतु तो स्वतंत्र प्रकल्प आहे.

आता जॉयस्टिक आणि बटणांकडे वळू, कारण कन्सोलची खरी अडचण येथे येते. जॉयस्टिक व बटणांच्या तारा एका एन्कोडर बोर्डाला जोडतात आणि तो बोर्ड यूएसबीने पुढे जातो. संगणक कोणताही स्वस्त बोर्ड साधा गेमपॅड म्हणून ओळखतो. प्लेस्टेशन ४ मात्र कंट्रोलर अधिकृत आहे का याची खातरजमा करतो, आणि ती न झाल्यास सुमारे ८ मिनिटांनी बटणे प्रतिसाद देईनाशी होतात. त्यासाठी ब्रूकसारख्या कंपनीचा महाग बोर्ड घ्यावा लागतो, आणि प्लेस्टेशन ४ वर चाललेला बोर्ड प्लेस्टेशन ५ च्या नव्या खेळांत चालेलच असे नाही. म्हणून नेमका कन्सोल आणि नेमका खेळ सांगूनच बोर्ड मागवावा. थोडे सोल्डरिंग येत असेल, तर रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर ‘जीपी२०४०-सीई’ हे मुक्त फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) भरून संगणक आणि स्विच या दोन्हींना चालणारा एन्कोडर घरीच तयार करता येतो. कन्सोल निवडल्यास मेनूसाठी लागणारे होम आणि ऑप्शन्स यांचे बटण पॅनेलच्या कडेला, हात चुकून लागणार नाही अशा जागी घ्यावे. दोन अॅनालॉग स्टिक (गेमपॅडवरच्या अंगठ्याने फिरवायच्या दांड्या) लागणाऱ्या आजच्या बहुसंख्य खेळांना आर्केडचे पॅनेल उपयोगाचे नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

पॅनेलला भोके पाडताना खेळाच्या बटणांसाठी ३० मिलिमीटरचे आणि स्टार्टच्या बटणांसाठी २४ मिलिमीटरचे होल सॉ (गोल भोक कापणारे पाते) सुताराला आणून द्यावे. बटणे कोणत्या जातीची आहेत हे पाहूनच तारांची टोके घ्यावीत, कारण जपानी पद्धतीच्या बटणांना २.८ मिलिमीटरची, तर जुन्या पद्धतीच्या मायक्रोस्विचला ४.८ मिलिमीटरची टोके बसतात.

उष्णतेचा प्रश्न खान्देशात सर्वांत गंभीर आहे. सोनीने प्लेस्टेशन ५ साठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा दिली आहे, आणि भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर, लाकडी पेटीत कोंडलेल्या कन्सोलभोवतीची हवा त्याहूनही तापते. त्यामुळे कन्सोल बसवायचाच असेल, तर त्याच्या सर्व बाजूंनी किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी, तो खेचून बाहेर काढता येईल अशा उघड्या ट्रेवर ठेवावा आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी तो चालवू नये. संगणकाच्या बाबतीत आपल्या हाती बरेच काही असते, कारण कमी वीज खाणारा प्रोसेसर निवडता येतो, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलता येते आणि पंखा बिघडला तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये दुसरा मिळतो. संगणकाऐवजी काही जण रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक (वरचा पिको वेगळा) बसवतात, पण तोसुद्धा ८० अंशांना पोहोचला की आपला वेग कमी करतो, म्हणून त्यालाही पंखा लावावा. कॅबिनेटमध्ये खालून हवा आत आणि वरून बाहेर अशी वाट ठेवावी. खालची जाळी जमिनीपासून वीतभर उंच घेऊन तिला धुता येणारा फिल्टर लावावा, नाही तर काळ्या मातीची बारीक धूळ आत जाऊन बसते. वरती १२ व्होल्टचा १२० मिलिमीटरचा पंखा पुरेसा होतो. संगणकाच्या एसएमपीएसमधूनच (वीजपुरवठ्याच्या डब्यातूनच) त्याला वीज देता येते, कन्सोलसोबत वेगळा अॅडॅप्टर लागतो.

उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो, त्याच्या झोतासमोर कॅबिनेट मुळीच ठेवू नये. दमट हवेने एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) फुगते, म्हणून बाजूंना १८ मिलिमीटरचे पाणीरोधक प्लाय वापरावे आणि वाळवीपासून बचावासाठी कॅबिनेट चाकांवर उभे करावे.

वीज अचानक जाणे हा दुसरा प्रश्न. चालू खेळात वीज गेली तर प्लेस्टेशन पुढच्या वेळी साठवण तपासत बसतो, आणि रास्पबेरी पायचे मेमरी कार्ड खराब होण्याचा धोका असतो. संगणकात एसएसडी (फिरते भाग नसलेली साठवण) घातल्यास तो धोका कमी होतो, जात मात्र नाही. घरच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’ (वीज जाताच झटकन बॅटरीवर नेणारी सोय) असल्यास तो चालू ठेवावा. व्होल्टेज साधारण १८० च्या खाली उतरले की हा मोड बॅटरीवर जातो, त्यामुळे कमी दाबाच्या वस्तीत बॅटरी लवकर रिकामी होते. तेथे संगणकापुरता छोटा यूपीएस घेणे बरे. संगणकाच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत येताच यंत्र सुरू व्हावे अशी सेटिंग असते, ती लावून ‘बॅटोसेरा’सारखी जुन्या खेळांसाठीची प्रणाली बसवली, की कॅबिनेटचे एकच बटण दाबल्यावर थेट खेळांची यादी दिसते. कन्सोलमध्ये हे घडवण्यासाठी त्याच्या पॉवर बटणापर्यंत बोट पोहोचेल असे भोक ठेवावे लागते.

पडद्याबाबत थोडक्यात एवढेच की ‘पॅक-मॅन’सारखे खेळ उभ्या पडद्याचे आहेत. संगणकात संपूर्ण चित्र फिरवता येते, कन्सोलमध्ये काही खेळांत उभ्याची सोय असली तरी मेनू आडवाच राहतो. टीव्ही लावल्यास बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा उशीर कमी करणारा ‘गेम मोड’ सुरू करावा.

नाण्याची खाच लावायची असेल तर संगणकाला ते सोपे आहे. नाणे ओळखणाऱ्या यंत्राचा संकेत एन्कोडरच्या एका जागी जोडून मेममध्ये त्याला ‘कॉइन’ची जागा द्यावी, कीबोर्डवर हेच काम ५ हा अंक करतो. कन्सोलच्या बहुतेक नव्या खेळांत नाण्याची कल्पनाच नसते, त्यामुळे तेथे खाच केवळ शोभेची राहते आणि तिच्यावर खर्च करण्यात मला अर्थ वाटत नाही.