मंडळीची सेवा आणि एम.टीएच.: दोन्ही कसे पार पाडावे

बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची, पदवी झाल्यावर चार-पाच वर्षे खेड्यापाड्यांत पाळकाचे किंवा सुवार्तिकाचे काम केलेल्या आणि आता एम.टीएच. ही त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी किंवा त्यापुढील संशोधनाचा विचार करणाऱ्या सेवकांसाठी हे मार्गदर्शन आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांमध्ये, सेवा करत असताना मी हा अभ्यास पूर्ण केला. त्याला ठरल्यापेक्षा एक वर्ष जास्त लागले आणि ते वर्ष कुठे गेले हे आता मला नेमके सांगता येते. प्रबंधाचा विषय मी सेवेपासून दूरचा निवडला होता आणि निघण्यापूर्वी मंडळीशी काहीही स्पष्ट ठरवले नव्हते. या दोन चुका टाळल्या तर बाकीच्या अडचणींतून वाट निघते.

सर्वप्रथम भाषेपासून सुरुवात करावी आणि तीही प्रवेश घेण्याच्या निदान एक वर्ष आधी. बायबलमधील जुना करार किंवा नवा करार हा विभाग घ्यायचा असेल, तर हिब्रू अथवा ग्रीकवाचून गत्यंतर नाही, आणि बी.डी.च्या काळात शिकलेले व्याकरण सेवेच्या धबडग्यात दोन वर्षांत पुसले जाते. हिब्रूसाठी जुन्या करारातील रूथचे पुस्तक घ्यावे. ते चार अध्यायांचे आणि ८५ वचनांचे आहे. आठवड्याला दोन वचने नीट सोडवली, तरी साधारण दहा महिन्यांत पूर्ण होते. मी पोस्टकार्डाचे चार तुकडे करून एका बाजूला क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला त्याचा मराठी अर्थ लिहीत असे, आणि हे तुकडे शर्टाच्या खिशात घालून एस.टी.त बसत असे. गेवराई ते बीड एवढ्या प्रवासात वीस शब्द सहज उजळले जात. हे काम सलग दोन तास मिळतील तेव्हा करू असे म्हणणाऱ्याचे कधीच होत नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला सतत धीर देत आले आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली यांच्या अन्नवस्त्राची, शिक्षणाची आणि आजारपणाची जबाबदारी डोक्यावर असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केल्या आणि संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा मृत्यू झाला, त्याच्या थोडे आधी ते पूर्ण झाले होते. सामान्य बायकांना समजेल असे शास्त्र हवे, ही गरज त्यांना त्यांच्या सेवेतच दिसली होती, आणि म्हणूनच तो अभ्यास त्या सेवेवर ओझे होऊन बसला नाही.

दुसरे काम मंडळीशी बोलण्याचे. हे बोलणे उपासनेनंतर अंगणात उभ्या उभ्या करू नये. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या बैठकीत विषय मांडावा आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. मी नसताना प्रभुभोजन कोण देईल, रात्री-अपरात्री मृत्यूची वार्ता आली तर दफनविधीला कोण जाईल, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे कोणाच्या ताब्यात राहतील, पगार पूर्ण मिळेल की निम्मा, आणि शिक्षणाचा खर्च मिशनने केला तर परत येऊन किती वर्षे सेवा देण्याचा बाँड आहे, हे प्रश्न तेथेच विचारावेत. पगाराचा प्रश्न संकोचाने टाळला जातो, परंतु त्याचा भार शेवटी घरातल्या माणसांवर पडतो. पाळकीणबाईंना कमिटीच्या आधी विश्वासात घ्यावे, कारण तुम्ही वसतिगृहात असताना दारावर येणारा प्रत्येक माणूस त्यांनाच हाक मारणार असतो.

संस्था निवडताना पदवी कोणाची आणि निवासाची अट किती, हे दोन्ही पाहावे. आपल्याकडच्या पुष्कळ सेमिनरी (पाळक घडवणाऱ्या संस्था) बंगालमधील सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहेत. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या तेथील महाविद्यालयाला १८२७ च्या डॅनिश राजाच्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून तेथे आली, त्यामुळे मराठवाड्यातील सेवकांना आता पुणे हे जवळचे केंद्र आहे. कॅथलिक वाचकांसाठी ज्ञानदीप विद्यापीठही पुण्यातच आहे, मात्र तेथे जाण्याचा निर्णय बहुधा बिशप किंवा धर्मसंघाचे वरिष्ठ घेतात.

वर्गाचे वर्ष सुरू झाले की सेवाक्षेत्र पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती द्यावे. मी तसे केले नाही. दर शनिवारी दुपारी पुण्याहून निघून रात्री गावी पोहोचायचे, रविवारी दोन उपासना घ्यायच्या आणि सोमवारी पहाटे परत वर्गात बसायचे, असे मी सहा महिने केले. त्यात माझे दोन पेपर मागे राहिले आणि मंडळीलाही घाईत लिहिलेली प्रवचने ऐकावी लागली. महिन्यातून एकदा जावे, आजाऱ्यांना भेटावे, पण व्यासपीठ आणि कमिटी या दोन्ही ठिकाणी तुमच्या जागी नेमलेल्या माणसालाच बसू द्यावे. असा माणूस आयत्या वेळी मिळत नाही, त्याला आधी तयार करावे लागते. १९६३ मध्ये ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन सेमिनरीने गावोगावच्या पुढाऱ्यांना त्यांच्या घरी आणि कामाच्या ठिकाणी राहूनच ईश्वरविज्ञान शिकवण्याची पद्धत सुरू केली, आणि तीच पुढे विस्तार शिक्षण म्हणून जगभर गेली. आपल्याही मंडळीत एखादा शिक्षक किंवा वडील मंडळातील सदस्य अशा बाह्य अभ्यासक्रमाला बसवता येतो. तुम्ही परत आल्यावरही तो उपयोगी पडतो, हा त्याचा मोठा लाभ आहे.

प्रबंधाचे वेळापत्रक करताना बारा महिने सारखे धरू नयेत. आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो, निम्मी मंडळी कोयता घेऊन कारखान्यांवर जाते, आणि पाळकालाही कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर, भेटी द्याव्या लागतात. डिसेंबर नाताळाचा, त्यात लेखनाची अपेक्षा ठेवू नये. जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला भाग चांगला जातो. ईस्टरपूर्वीचा उपासकाळ लागला की पुनरुत्थान रविवारपर्यंत वहीला हात लागत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये माणसे परतली की लग्ने असतात. जून ते सप्टेंबर हाच खरा लेखनाचा काळ. त्यात आठवड्यातील तीन सकाळी, पाच ते आठ, राखून ठेवाव्यात. हा तक्ता मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत दाखवावा, म्हणजे प्रकरण सादर करण्याच्या तारखा त्यांच्याही सोयीने आधीच ठरतात.

आता विषयाकडे येतो, कारण सगळे यश-अपयश येथे आहे. माझा पहिला विषय ग्रंथालयात बसून सुचलेला होता आणि गावी परतताच तो निर्जीव वाटू लागला. एका जानेवारीत कोपीसमोर शेकोटीभोवती आम्ही रूथचा दुसरा अध्याय वाचत होतो. सरवा वेचणे हे शब्द येताच बायका मान डोलावू लागल्या, भाजलेल्या धान्याच्या उल्लेखावर कोणी तरी हुरडा म्हणाले. पण शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना तेथे सरवा वेचणाऱ्या रूथच्या वाटेस जाऊ नका असे बजावतो, त्या नवव्या वचनावर एक मावशी थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तिथंबी तसंच व्हतं.” मी वाचलेल्या भाष्यांमध्ये या वचनावर दोन-चार ओळी होत्या. मावशींच्या त्या वाक्यावर माझे एक पूर्ण प्रकरण उभे राहिले आणि ‘हेसेद’ हा हिब्रू शब्द रूथमध्ये तीनदा येतो, त्याचा अर्थ नुसती दया नसून दिलेल्या नात्याला जागणे आहे, हे मुकादमाकडून उचल घेऊन बांधल्या गेलेल्या माणसांच्या संदर्भात मला नव्याने मांडता आले.

यात एक जबाबदारी आहे आणि ती मी फार महत्त्वाची मानतो. माणसे पाळकाला जे सांगतात ते विश्वासाने सांगतात, संशोधकाला नव्हे. म्हणून एखादे बोलणे प्रबंधात वापरायचे असेल तर त्या व्यक्तीला स्पष्ट विचारावे, नाव, गाव आणि कारखाना लिहू नये, आणि पापकबुलीच्या किंवा प्रार्थनेच्या वेळी ऐकलेले काहीही, परवानगी मिळाली तरी, वापरू नये.

प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला, तरी प्रत्येक प्रकरण संपताच त्याचा गाभा दोन पानांत मराठीत लिहावा आणि जेथून तो आला तेथे वाचून दाखवावा. जे मराठीत सांगता येत नाही ते बहुधा आपल्यालाच नीट कळलेले नसते. माझ्या तिसऱ्या प्रकरणातील एक अख्खा युक्तिवाद असाच गळून पडला. शेवटी या पानांतून चार संध्याकाळचे शास्त्राभ्यास तयार करावेत. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर संसार चढू लागतात, म्हणून या अभ्यासांच्या छापील प्रती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हातात असल्या पाहिजेत.