वर्ग सुरू ठेवून महाविद्यालयाचे मध्यवर्ती संकुल नव्याने बांधताना

सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये आणि आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. इतक्या जुन्या संस्थांचे आवार गरजेनुसार वाढत जाते, आणि उपाहारगृह, विद्यार्थी विभागाच्या खिडक्या, वाचनकक्ष, झेरॉक्स, मुलींची खोली हे सारे हळूहळू मधल्या एखाद्या इमारतीभोवती गोळा होते. ती इमारत पाडून नवे संकुल उभारायचे असेल, तर आराखड्यापेक्षा एक नियम अधिक कसोशीने पाळावा: पर्यायी सोय प्रत्यक्ष सुरू होऊन किमान आठ दिवस नीट चालल्याखेरीज जुन्या सोयीला कुलूप लावू नये.

म्हणून वास्तुविशारदाशी पहिली बैठक होण्याआधी दोन आठवडे आवाराचे निरीक्षण करावे. कोणत्या दाराने किती जण येतात, दुपारच्या सुट्टीत ते कोठे बसतात, कोणत्या खिडकीपुढे कधी रांग लागते, याची नोंद शिपाई आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांच्याकडून घ्यावी, कारण ही माहिती नकाशात नसते. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडून एसटीने येणारी मुले सकाळच्या गाडीने येऊन पुढच्या गाडीपर्यंत आवारातच थांबतात. त्यांना मधल्या वेळेत बसायला खोलीवर किंवा घरी जाता येत नाही. एसटी पासच्या अर्जावर शिक्का घेण्यासाठीही त्यांना विद्यार्थी विभागाच्या खिडकीशी यावे लागते. वाचनकक्ष बंद झाला तर सर्वांत आधी अडचण त्यांचीच होते.

पर्यायी जागा ठरवताना उपाहारगृह आणि कार्यालय सर्वांना आठवते, स्वच्छतागृह मात्र शेवटी आठवते. मी ज्या इमारत समितीवर होतो, तिने ही चूक केली. मुलींचे स्वच्छतागृह पाडले गेले आणि तात्पुरते तयार व्हायला दीड महिना लागला. तेवढ्या काळात कित्येक मुली घरून निघाल्यापासून पाणी पीत नव्हत्या, हे आम्हांला एका शिक्षिकेने सांगेपर्यंत कळलेही नव्हते. त्या बैठकीतील शांतता मला आजही आठवते. तेव्हापासून माझा आग्रह असा की, कंत्राटाच्या कामाच्या यादीत पहिली बाब तात्पुरत्या स्वच्छतागृहाची असावी आणि ते पाणी, दिवा, आतून लागणारी कडी व कचऱ्याच्या डब्यासह ताब्यात आल्यावरच पाडकामाची परवानगी द्यावी. बांधकामावरील मजुरांसाठी, विशेषतः स्त्री मजुरांसाठी, वेगळे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी याच यादीत लिहावे.

कामाचे वेळापत्रक परीक्षा, पाऊस आणि माती या तिघांना विचारून आखावे. ब्रेकरने स्लॅब फोडणे, पाडकाम आणि खोदाई ही सर्वाधिक आवाजाची व धुळीची कामे उन्हाळी सुट्टीत बसवावीत, आणि परीक्षेच्या दिवसांत पेपरच्या वेळेत ब्रेकर पूर्ण बंद राहील, ही अट निविदेतच घालावी, कारण नंतर तोंडी विनंती केली तर कंत्राटदार प्रत्येक थांबलेल्या दिवसाचा हिशेब पुढे करतो आणि ते चुकीचेही नसते. सांगलीच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. वापरात असलेल्या इमारतीलगत पायाचे खड्डे पावसाळ्यात उघडे राहिले, तर कडा ढासळून शेजारच्या पायालाच धोका पोहोचतो. त्यामुळे पाया जोत्यापर्यंत जूनच्या आधी आणता येत नसेल, तर खोदाई दिवाळीनंतर सुरू करावी. चार महिने उशीर झाला तरी चालेल.

पुराचा विचारही येथे टाळता येत नाही. सांगलीत ऊन पडलेले असतानाही महाबळेश्वर आणि कोयनेच्या पावसाने कृष्णा चढते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आवार नदीच्या बाजूला असेल, तर तात्पुरते कार्यालय, विजेचा मुख्य बोर्ड, सिमेंटची पोती आणि विद्यार्थ्यांची जुनी रजिस्टरे तळमजल्यावर ठेवू नयेत.

कामाची जागा पत्र्याच्या उंच कुंपणाने पूर्ण वेगळी करावी आणि डंपरसाठी विद्यार्थ्यांच्या वाटेला कोठेही न छेदणारे वेगळे फाटक ठेवावे. जागाच नसेल, तर वर्ग भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी वाहतूक थांबवून फाटकावर माणूस उभा करावा. कुंपणामुळे नेहमीची वाट वळते, तेव्हा नवी वाट चाकाच्या खुर्चीवरून स्वतः जाऊन तपासावी. तात्पुरता उतारही १ : १२ पेक्षा, म्हणजे बारा फूट लांबीत एक फूट चढापेक्षा, तीव्र नसावा. सैल मुरूम टाकून केलेली वाट पहिल्याच पावसात चिखल होते, म्हणून तेथे पेव्हर ब्लॉक बसवावेत. ते पुढे अंगणात वापरता येतात.

सर्वांत मोठा मोह शेवटी येतो. स्लॅब ओतून झाला की ‘खालचा मजला वापरायला द्या’ असा तगादा सुरू होतो. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस ओले ठेवावे लागते, आणि साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यातील (दोन आधारांमधील अंतरातील) स्लॅबचे टेकू सात, तर त्याहून मोठ्या गाळ्यातील चौदा दिवस काढता येत नाहीत. मोठ्या तुळयांचे तर एकवीस दिवस. टेकूंच्या जंगलात बाके मांडण्याची परवानगी प्राचार्यांनीही देऊ नये.

नव्या संकुलात स्थलांतर दिवाळीच्या सुट्टीत करावे. सुट्टी संपल्यानंतर पहिले पंधरा दिवस जुन्या खिडकीशी एक जुनाजाणता शिपाई बसवावा, म्हणजे पासचा अर्ज हातात घेऊन आलेल्या मुलाला तो नव्या खिडकीपर्यंत घेऊन जाईल.