कमळाच्या बोंडांचा हंगाम: नव्याने लागवड करणाऱ्यांसाठी

कमळाला चिखल, साठलेले पाणी आणि भरपूर ऊन लागते हे सर्वांना ठाऊक असल्याने तिथून सुरुवात करीत नाही. बोंडांसाठी, म्हणजे पाकळ्या गळल्यावर उरणाऱ्या बियांच्या फळासाठी, लागवड करणाऱ्याचा पहिला निर्णय जातीचा असतो, कारण शेकडो पाकळ्यांच्या ज्या जाती छायाचित्रांत मोहात पाडतात, त्यांच्यातील पुष्कळांत स्त्रीकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि त्यांना बोंड धरत नाही. मखाण्याचा विचार मनात असेल तर तोही सोडावा. मिथिलेतील मखाणा ही वेगळी, काटेरी पाणवनस्पती आहे.

बियांपासून लागवड करण्याच्या मी विरोधात आहे. बी उगवत नाही असे नाही. जपानमध्ये चिबा येथे 1951 साली सापडलेले, सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे मानले जाणारे बीदेखील उगवले आणि पुढच्याच वर्षी फुलले. कवच कानशीने घासून बी कोमट पाण्यात ठेवले की काही दिवसांत कोंब दिसतो, आणि याच भरवशावर झटपट फुलांची पाकिटे विकली जातात. परंतु बियांपासून आलेले रोप मूळ जातीसारखे निघेलच असे नाही. शेंडा न मोडलेला कंद घ्यावा, आणि तो अशा माणसाकडून घ्यावा ज्याच्या तळ्यात बोंडे धरलेली आपण स्वतः पाहिली आहेत. वर्ग घेणाऱ्या तज्ज्ञापेक्षा कमरेएवढ्या पाण्यात उतरणाऱ्या मच्छीमाराकडून मला अधिक कळले.

आपल्याकडे फेब्रुवारीअखेर थंडी ओसरली की कंद लावतात. कंद चांगले पसरलेल्या तळ्यात खरा बहर श्रावणापासून असतो. फूल तीन-चार दिवस टिकते. पहिल्या दिवशी स्त्रीकेसर तयार असतात आणि त्याच फुलाचे पराग नंतर सुटतात, म्हणून फळधारणा बहुतेक मधमाश्यांवर आणि भुंगेऱ्यांवर अवलंबून असते. त्या दिवसांत सतत पाऊस लागला तर बोंडातील बरेच कप्पे पोकळ राहतात. यात तुमचा दोष नसतो, म्हणून निराश होऊ नये. फुले येत राहतात. मात्र मावा दिसला म्हणून बहरात कीटकनाशक फवारणे हा शुद्ध अडाणीपणा आहे.

आता ज्या गोष्टीने माझा अर्धा ताटवा कुजला, ती सांगतो. बोंडाचा देठ पाण्याखाली कधीही तोडू नये. पानांचे आणि फुलांचे देठ आतून नळीसारखे पोकळ असतात. पाने हवा आत घेतात, ती देठांतून चिखलातल्या कंदापर्यंत जाते आणि परत पानांतूनच बाहेर पडते. देठ पाण्याखाली तुटला की त्याच वाटेने पाणी कंदात शिरते आणि कुज सुरू होते. हे ऐकून लोक पाण्याच्या अगदी वर कापतात, आणि खरा घात तिथेच होतो, कारण बोंडे पिकण्याच्या दिवसांत परतीचा पाऊस असतो आणि आज पाण्याबाहेर दिसणारा खुंट उद्या पाण्याखाली असतो. म्हणून किमान हातभर देठ वर ठेवून धारदार विळ्यानेच कापावे, ओढून कधीच तोडू नये, आणि सांडवा आधी मोकळा करावा. ज्या पेरातून फूल येते त्याच पेरातून एक पान उभे असते. तेही कापू नये. एखादा देठ चुकून खाली तुटलाच तर घाबरू नये, एका देठाने ताटवा जात नाही.

खाण्यासाठीची बोंडे पाकळ्या गळल्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी काढतात, तेव्हा बियांची साल हिरवी आणि गर गोड, दुधाळ असतो. हा गोडवा एका दिवसात उतरू लागतो, म्हणून गिऱ्हाईक ठरल्याशिवाय हिरवे बोंड कापू नये. पूजेच्या दुकानात जाणारी कमळकाकडी, म्हणजे कमळाचे पिकलेले कठीण बी, हवी असेल तर बोंड तपकिरी होऊन बी आत खुळखुळेपर्यंत थांबावे, मात्र देठ वाकून बोंड खाली झुकण्याआधी ते काढावे, कारण झुकलेल्या बोंडातील बिया पाण्यात पडतात. सगळी बोंडे एकदम पिकत नसल्याने तळ्यात एक दिवसाआड उतरावे लागते, आणि देठांना बारीक काटे असल्याने लांब बाह्यांचा सदरा घालावा.

सुकलेली बी सावलीत वाळवून डब्यात भरली तर दिवाळीपर्यंत, आणि पुढेही, चांगली राहते. खाण्यासाठी ती फोडायची असेल तर आतला हिरवा कोंब काढावा. तो कडू असतो.